जुन्या पेटीवरची टोपी

पडवीतला पंखा करकरला, आणि इतका वेळ सगळ्यांनी मिळून धरून ठेवलेली शांतता मोडली.

तात्यांना सकाळीच मंचरच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. बाजेवर गोधडीचा तक्क्या करून त्यांना टेकवून बसवलं होतं, आणि तेव्हापासून घरचीच माणसं पाहुण्यांसारखी अंग चोरून बसली होती. पंखा करकरला म्हणजे लाईट आली. एरवी या आवाजासरशी कुणी दळणाचा डबा उचलायचं, कुणी टीव्हीपुढं सतरंजी ओढायचं. आज मात्र सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळल्या. भिंतीवर विहिरीच्या मोटरचा स्टार्टर होता आणि त्याच्या डोक्यावर, खांद्यावर घेतलेल्या लेकरासारखी, ऑटोची छोटी पेटी. लाईट आली की माणसाची वाट न बघता मोटर आपली आपण सुरू करणारी. अपघात झाला त्याच दिवशी गोरक्षनं तिचा खटका खाली ओढून वर चिकटपट्टी मारली होती. तरी तात्यांचा प्लॅस्टरातला उजवा हात आपसूक छातीशी आला. त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता नव्हतं.

इंद्रायणीनं ते पाहिलं, आणि तिच्या मनात आलं, घराला नवा कान आलाय. पंख्याचा आवाज आता कधी नुसता पंख्याचा राहायचा नाही.

"तर मग काय ठरलं?" मच्छिंद्र म्हणाला.

तात्यांचा हा एकुलता मुलगा भोसरीला एका कारखान्यात होता. बाप दवाखान्यात होता तोवर तो शहाण्यासारखा वागला. औषधं आणली, फरशीवर झोपला, नर्सबाईंशी गोडीनं बोलला. बाप घरी आला, आणि पडलेलं पोर आई दिसल्यावरच रडायला लागतं तसा त्याचा राग आत्ता कुठं बाहेर आला होता. उद्या सकाळी तो नारायणगावला जाऊन पोलिसात तक्रार देणार होता. तिथं पहिल्यांदा विचारतील ते कुणामुळं झालं हेच. म्हणून आज नाव ठरवायचं, आणि ते घरातल्या थोरल्यानं, म्हणजे तात्यांचे भाऊ आणि इंद्रायणीचे सासरे सावळेरामदादा यांनी ठरवायचं, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

"आमच्या कंपनीत मशीन कुनाला चावलं ना, तर सांजच्या आत बोर्डावर नाव लागतं. नाव लागलं की मशीन पुन्यांदा चालू. नाव न्हाई तर काम न्हाई."

दादा पानाच्या डब्याचं झाकण लावत आणि उघडत राहिले.

काय झालं ते तसं सगळ्यांना पाठ होतं. पंपातून पाणी गळत होतं म्हणून तात्या विहिरीत उतरले होते. या विहिरीचा पंप वर नाही. आत कपारीला कट्टा बांधून त्यावर बसवलेला. फिरत्या दांड्याभोवती सुताची दोरी ठासून भरली की गळती थांबते. ती दोरी ते भरत होते. लाईट गेलेली होती. ती आली, आणि ऑटोनं आपलं काम चोख केलं. आधी सदऱ्याची बाही दांड्यात गेली, मग हात.

नावं दोनच निघू शकत होती. ऑटो बसवला होता जुन्नरच्या मोहसीननं. आणि विहिरीवरचा स्टार्टर काढून घरात आणला होता गोरक्षनं, इंद्रायणीच्या नवऱ्यानं. गोरक्षचं नाव निघालं, तर एका चुलीवर जेवणारी दोन घरं पुढचा सणही एकत्र बघायची नाहीत, आणि भावाभावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागायच्या. मोहसीनचं निघालं तर घर वाचायचं. परक्याचं नाव उचलायला हलकं असतं. सकाळपासून घर न बोलता त्याच बाजूला कलत चाललं होतं, आणि ते कलणं इंद्रायणीला कमरेवरच्या भरल्या हंड्यासारखं जाणवत होतं.

मोहसीन समोरच, पडवीच्या पायरीवर बसला होता. तात्यांना बघायला म्हणून केळ्यांची पिशवी घेऊन तो आपण होऊन आला होता. या विहिरीवरची मोट सुटली तेव्हा पहिली मोटर त्याच्या बापानं, नवाबमियाँनी बसवली, तेव्हापासूनचा घरोबा. तरी पिशवी पायरीवर तशीच पडून होती. ती उचलून आत नेणं म्हणजे बाजू घेणं झालं असतं.

"आपल्याला काय कळतंय त्यातलं," गोरक्ष जमिनीकडं बघत म्हणाला. "आमी का इंजिनेर? ह्यानं बसवला, ह्यानं सांगितला तसा वापरला."

इंद्रायणीला त्याचा राग आला नाही. भ्याला की हा माणूस खाली बघतो, हे तिला ठाऊक होतं. स्टार्टर त्यानं काही हौसेनं आणला नव्हता. उसात बिबट्या वावरायला लागला, विहिरीवरचं कुत्रं त्यानं उचललं, आणि रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला कंदील घेऊन जायचे ते तात्याच. त्यांच्याच काळजीनं गोरक्षनं बांधाबांधानं केबल ओढली होती. त्या काळजीचं हे असं फळ कसं निघालं, याचाच तिला उलगडा होत नव्हता.

इंद्रायणीचं माहेर पठारावरचं आणे गाव. त्या पठारावर पाणी कमी आन प्रश्न जास्त, असं दादा तिला लग्नाच्या वर्षापासून चिडवत. लहानपणी तिनं बॅटरीचं टोपण काढून, बंद केल्यावर उजेड कुठं जाऊन बसतो ते शोधलं होतं. आत्ताही तिच्या डोक्यात नाव नव्हतं, एक बल्ब अडकला होता. विहिरीवरच्या कडुलिंबाला लाल बल्ब टांगावा, लाईट आली की तो लागेल आणि आत उतरलेल्याला आधी कळेल, ही कल्पना तिची. बल्बाची वायर निराळी, तिचा ऑटोशी संबंध नाही. मग तो कुठं गेला होता त्या दिवशी?

"तात्या," तिनं हळूच विचारलं, "लाल बल्ब लागला न्हवता का हो?"

तात्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "न्हाई दिसला गं पोरी."

"वैनी, बल्बाचं काय काढताय," मच्छिंद्र म्हणाला. "हितं नाव काढायचं चाललंय."

"काढू की भाऊजी. पण काय काय झालं तेच आपल्याला धड ठाऊक न्हाई. ज्याला त्याला आपापला तुकडा म्हाईत. लाईट आलीच हाये, तर एकदा त्या दिवशीसारखं सगळं करून बघू. मग घ्या कुणाचं घ्यायचं ते."

दादांनी डब्याचं झाकण लावलं. "आण्याची पोर. आयकायची न्हाई," ते म्हणाले, आणि उठले. दादा उठले म्हणजे ठरलं.

सुरुवात भिंतीपासून झाली. मोहसीननं सगळ्यांदेखत मोटरची वायर स्टार्टरमधून सोडवली, टोकं लांब करून मच्छिंद्रला दाखवली. आता काही केल्या मोटर उठणार नव्हती. विहिरीवरच्या बल्बाला मात्र लाईट होती.

मच्छिंद्रनं आपल्या आईला विचारलं, तात्या निघाले तेव्हा तिला काय म्हणाले. सोनीबाई पदराला हात पुसत पुढं आल्या.

"म्हनले, मी आत उतरतोय, मोटर बंद राहू दे. ठेवली मी बंद. हे लाल बटन दाबलं. मोट सुटल्यापास्नं दाबतीये."

मोहसीन पायरीवरून उठला, जरा चाचरला. "काकी, लाल बटनानं चालती मोटर बंद व्हती. लाईटच नसंल तर ती आधीच बंद हाये. लाईट आली की ऑटो आपलं हिरवं दाबतोच. ह्यो वरचा खटका खाली करायला लागतो."

सोनीबाईंनी खटक्याकडं पाहिलं, मग मोहसीनकडं, मग मुलाकडं आणि पुतण्याकडं.

"आन हे मला कुनी सांगितलं?" त्यांचा आवाज जराही चढला नाही. "दिवाळीला तू ऑटो बसवलास, ह्या दोघांला समोर बसवून समदं समजावलंस. मी तवा आत तुमच्यासाठी चहा टाकीत व्हते."

इंद्रायणीला तो चहा आठवला. कप तिनंच बाहेर आणून दिले होते. मोहसीन बोटानं खटका दाखवत होता तेव्हा ती बशा गोळा करत होती, आणि लेक, संस्कृती, तिचा पदर ओढत होती. तिनंही ऐकलं नव्हतं.

विहिरीकडं निघाले तेव्हा तात्या बाजेवरून उतरले. सगळ्यांनी नको म्हटलं. पाय धड हायेत माझे, एवढं म्हणून ते गळ्यातली हाताची झोळी सावरत चालू लागले. चैत्राचं ऊन बांधावर आडवं पडलं होतं. डाव्या हाताला माणसापेक्षा उंच ऊस, त्यातून नुसती सळसळ. संस्कृती पुढं पळत होती. शाळेत जायला लागल्यापासून तिला सगळ्याच्या पुढं असायचं असे. इंद्रायणीनं तिला उसाच्या बाजूनं ओढून आपल्या दुसऱ्या हाताला घेतलं. मागं वळून पाहिलं तर घर दिसत नव्हतं. घरातून विहीर दिसत नाही हे तिला माहीत होतं, पण विहिरीवरून घर दिसत नाही हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं. गोष्ट एकच, पण दोन टोकांनी बघितल्यावर तिचं वजन वेगळं लागलं.

विहिरीच्या तोंडाशी लाकडी खांब होता आणि त्यावर स्टार्टरची जुनी पत्र्याची पेटी. आतलं यंत्र घरी गेलं, पेटी राहिली. तिच्यावर दसऱ्याचं पुसट कुंकू होतं, वाळून चुरा झालेली झेंडूची माळ होती, आणि माळेवर तात्यांची टोपी. त्या दिवशीच्या धावपळीत ती कुणालाच आठवली नव्हती.

या घराची एक रीत होती. मोटेच्या काळात विहिरीत उतरणारा माणूस आपला पटका मोटेच्या खांबाला गुंडाळून उतरायचा. पटका दिसला की बैल जुंपायचे नाहीत. मोटर आली तसा पटका स्टार्टरच्या पेटीवर आला. पुढं पटके गेले, टोप्या आल्या. ज्याच्या डोक्यावर काही नाही तो रुमाल टाकायचा, नाहीतर सदरा. पेटीवर कुणाचं काही दिसलं तर बटणाला हात लावायची या घरात कुणाची छाती नव्हती. ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती. पोरं बघून शिकली, जसं जेवायला बसताना मांडी घालायला शिकतात.

तात्यांच्या जागी मच्छिंद्रनं उतरायचं ठरलं. त्यानं चपला काढल्या, पँटचे पाय दुमडले, मोहसीनला काहीतरी सुनावत सुनावत डोक्यावरची कंपनीची निळी टोपी काढली, आणि तिकडं न बघताच ती पेटीवर, बापाच्या टोपीशेजारी अडकवली. मग पायऱ्या उतरू लागला.

इंद्रायणीनं ती टोपी पाहिली. तिनं दादांकडं पाहिलं. दादांनीही पाहिलं होतं. त्यांनी मान किंचित हलवली. राहू दे.

"लागलाय का बल्ब?" आतून घुमत आवाज आला.

सगळ्यांनी वर पाहिलं. कडुलिंबाच्या खालच्या फांदीला बल्ब लोंबत होता. पानांतून उतरलेलं ऊन त्याच्या काचेवर चकाकत होतं. उजेड म्हणाल तर काही नाही.

"न्हाई लागलेला," गोरक्ष ओरडला. "गेलाय बल्ब."

"मग धरा की त्याला," विहीर म्हणाली. "नासका माल गळ्यात मारलाय."

मोहसीनचं तोंड उतरलं. त्यानं बल्बाकडं पाहिलं, वायरीकडं पाहिलं, पुन्हा बल्बाकडं पाहिलं. एवढ्यात संस्कृतीनं गोरक्षचा सदरा ओढला. तिला वर उचलून हवं होतं. गोरक्षनं सवयीनं उचलली. पोरीनं बल्बाला हात न लावता दोन्ही तळव्यांची खोपी केली, शाळेत काजवा आणतात तशी, आणि एक डोळा लावून आत पाहिलं.

"आई, ह्यो चालू हाये. आत लाल लाल हाये."

मग एकेकानं खोपी करून पाहिलं. दादांनी पाहिलं, सोनीबाईंनी पाहिलं. बल्ब व्यवस्थित लागला होता. या आठवड्याला दिवसाची लाईट होती, मागच्या आठवड्याला रात्रीची, आणि ही अदलाबदल झाली त्याच दिवशी तात्या विहिरीत उतरले होते. इंद्रायणीला बल्ब सुचला तो रात्रीच्या लाईटीच्या दिवसांत, अंधारात खिडकीशी उभी राहून तात्यांच्या कंदिलाची वाट बघताना. अंधारात सुचलेला तिचा बल्ब उन्हात आंधळा होता. तिला ते बोचलं. आणि त्या बोचण्याच्या आतही, बल्बाच्या आत लाल तार होती तशी, एक उत्सुकता जळत होती. अजून काय काय असेल?

"लागलाय बरं का," ती विहिरीत वाकून म्हणाली. "उन्हानं दिसत न्हाई."

मग मच्छिंद्रनं विचारलं, बल्ब लागल्यावर मोटर लगेच उठते की मध्ये वेळ असतो?

"असतो," मोहसीन म्हणाला. "म्हंजी, व्हता. मानूस पायऱ्या चढून वर यील एवढा ठेवला व्हता मी."

"व्हता म्हंजी? कमी कुनी केला?"

पायाच्या अंगठ्यानं मोहसीन मातीत रेघ ओढत राहिला. इंद्रायणीला कळलं की याला नाव माहीत आहे, आणि हा ते घेणार नाही. ज्या घरात त्याचं नाव घ्यायला सगळे टपले होते त्या घरातलं नाव तो घेत नव्हता.

"मी करायला लावला," तात्या म्हणाले.

ते कडुलिंबाला टेकून उभे होते. "समद्या वस्तीला ऑटो झाल्यात आता. लाईट आली की समद्या मोटरी एकदम उठत्यात, दावणीची ढोरं उठल्यावानी. मागं राहील त्याला लाईटीचा दाब मिळत न्हाई, मोटर नुसती गुरगुरती. आपली तशीच जळली मागं. म्हनून ह्याला म्हनलं, बाबा, आपली समद्यांच्या आधी उठव."

"तुमी एकटे न्हाई तात्या," मोहसीन म्हणाला. "समद्यांनीच मागून येऊन कमी करून घेतला. आता कुनाच्याच ऑटोला टाईम न्हाई."

"म्हणजे आता पुन्हा समद्या एकदमच उठत असतील," इंद्रायणी म्हणाली.

मोहसीनला हसू आलं. आजच्या दिवसातलं पहिलंच. "व्हय वैनी. तसंच झालंय."

मच्छिंद्र वर आला. कपाळाचा घाम बाहीला पुसला, चपला पायात सरकवल्या, आणि टोपी घ्यायला हात लांब केला. हात हवेतच थांबला.

पेटीवर दोन टोप्या होत्या. एक पांढरी, चुरगळलेली, पाखराच्या विष्ठेचा डाग पडलेली. एक निळी.

ऊस सळसळत होता आणि त्याच्या पलीकडं, दिसत नव्हतं ते घर होतं, त्या घरात भिंतीवर स्टार्टर होता. मच्छिंद्रनं पेटीचं झाकण उघडलं. आत चिमणीनं आणलेल्या काड्या होत्या.

"ह्यात तर काय न्हाई," तो म्हणाला. लहानपणी रिकामा लाडवाचा डबा उघडल्यावर म्हणायचा तसं. मग दादांकडं वळला. "ही काढून का न्हाई टाकली?"

"दर दसऱ्याला पुजलेली वस्तू," दादा म्हणाले. "भंगारात कशी घालू?" आणि बोलता बोलताच, पेटी राखली म्हणून टोपीही तिथंच पडत राहिली, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, कुंकू बोटाला लागलं, ते बोट तसंच धरून राहिले.

गोरक्षनं संस्कृतीला खाली ठेवलं. स्टार्टर हलवताना टोपीचं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, असं तो म्हणाला, आणि हे मात्र तो मच्छिंद्रच्या डोळ्यांत बघून म्हणाला. मच्छिंद्रनं मान हलवली. त्याच्या तरी कुठं डोक्यात आलं होतं? आत्ताच, बापाच्या हाताचा जाब विचारायला आलेला तो, टोपी टाकून निवांत उतरून गेला होता.

इंद्रायणी एकेक गोष्ट मनात धुंडाळत होती, बाळंतविड्यातले कपडे उलगडून बघावेत तशी. केबल काळजीनं ओढलेली. पेटी भक्तीनं राखलेली. ऑटो झोपमोड नको म्हणून, बल्ब जीव वाचावा म्हणून, टोपी तर आजा-पणज्याची माया. एकही गोष्ट वाईट नव्हती. एकटी एकटी बघितली तर प्रत्येक शाबासकीची. मग चावणारा दात उगवला कुठून?

हे तिला नीट मांडता येईना. मांडलं सोनीबाईंनी.

"म्हंजी समद्या सुना गुनाच्या," त्या म्हणाल्या. "पन एकीची दुसरीशी ओळखच कुनी करून दिली न्हाई. हिला वाटतंय तिनं दूध झाकलं, तिला वाटतंय हिनं. आन मांजराचं फावलं."

दादा पहिल्यांदा हसले, मग तात्या हसले, आणि हसता हसता त्यांना हात दुखला. मच्छिंद्र हसला नाही. त्यानं बापाची टोपी उचलली, मांडीवर आपटून धूळ झाडली, डाग नखानं खरवडला, आणि पुढं होऊन तात्यांच्या डोक्यावर ठेवली. जरा वाकडी बसली. तात्यांनी डाव्या हातानं सरळ केली. उजवा हात टोपीकडं निघाला होता, तो अर्ध्यातून परत आला.

मच्छिंद्र मोहसीनकडं वळला. "उद्या सकाळी येशील?"

"कुठं?" मोहसीननं विचारलं. "ठाण्यात?"

"हितं."

एवढ्यावर ते मिटलं. नारायणगावचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बोर्डावर लावायला एक नाव घेऊन जायचं ठरवून आलेला मच्छिंद्र आता बोटानं हवेत वायरी काढत होता. स्टार्टर परत विहिरीवर आणावा, असं गोरक्ष म्हणाला. मग बिबट्याचं काय, असं मोहसीन म्हणाला. ऑटोच काढून टाकू, असं दादा म्हणाले, आणि मग रात्री-अपरात्री लाईट आली की बटण दाबायला पुन्हा तात्याच उठतील हे आठवून ते त्यांनीच मागं घेतलं. प्रत्येक सोडवलेल्या गाठीतून दुसरी गाठ निघत होती, आणि सकाळी एकमेकांकडं न बघणारी माणसं आता एकाच वायरीवर डोकी लावून वाकली होती. इंद्रायणीला वाटलं, हे असंच थोडा वेळ राहावं.

शेवटी मच्छिंद्रलाच सुचलं. त्यांच्या कंपनीत मोठं मशीन सुरू व्हायच्या आधी घंटा वाजते. बल्ब उन्हात दिसत नाही, पण घंटा काय, दिवसा वाजंल, रात्री वाजंल, विहिरीच्या तळालाही ऐकू यील. लाईट आली की आधी घंटा, मग पुरेसा वेळ, मग मोटर. मोहसीन म्हणाला, जमतंय. घंटेचा आवाज कसा असावा यावर दोघांचं थोडं वाजलंसुद्धा. शाळेसारखी की देवळासारखी. सोनीबाई म्हणाल्या, कशी का असंना, पन ह्या वेळंला बसवशील तवा मला आधी हाक मार. चहा मागनं व्हईल.

परत निघाले तेव्हा ऊन मऊ झालं होतं. घरी पोचल्यावर सोनीबाईंनी पायरीवरची केळ्यांची पिशवी उचलली. एक केळं सोलून तात्यांच्या डाव्या हातात दिलं, एक संस्कृतीला दिलं, आणि बाकीची आत नेली. मोहसीननं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवत भिंतीकडं वळला, स्टार्टरची वायर जोडायला. मच्छिंद्र खटक्यावर बोट धरून त्याच्या शेजारी उभा राहिला.

इंद्रायणी उंबऱ्यात बसली. संस्कृती तिच्या मांडीत शिरली. पोरीच्या केसांना कडुलिंबाचा वास येत होता. वरती पंखा करकरत होता. दिवसभराचं ओझं उतरल्यासारखं इंद्रायणीला हलकं वाटलं. तिनं लेकीच्या केसांतली वाळकी पानं एकेक करून काढायला घेतली.

संस्कृती केळं खायचं विसरून भिंतीकडं बघत होती. आईसारखी तिचीही भिवई विचार करताना एकाच बाजूला वर जायची.

"आई, घंटा मोडली तर ती पन गप्पच बसंल ना?"

"व्हय गं."

"मग लाईट न्हाई म्हनून गप्प हाये, का मोडली म्हनून गप्प हाये, हे खाली विहिरीतल्या मानसाला कसं कळायचं?"